बागेच्या चार कडा : प्रकल्प नोंदी

पांझराकाठ, साक्री तालुका, जिल्हा धुळे. जून 2024 ते एप्रिल 2025.

14 जून 2024

आजपासून बागेच्या कडांसाठी ही वेगळी वही घातली आहे. वाफे, पाणी आणि तोडणी यांचा हिशेब नेहमीच्या वहीत चालू राहील. इथे फक्त पाटाची पाळ (मातीचा काठ), सामाईक बांध, गाडरस्त्याची बाजू आणि कुंपणाखालचा पट्टा यांवर काय उगवते, कधी फुलते, त्यावर कोण येते आणि ते आपण केव्हा कापले, एवढेच लिहायचे आहे. आमच्या गावात कडा साफ करण्याची रीत ठरलेली आहे. पोळ्याच्या आधी एकदा विळा, दिवाळीच्या आधी पुन्हा विळा आणि उन्हाळ्यात मुळासकट फावडे. या रीतीत सगळ्या कडा एकदम उघड्या पडतात. त्या वेळी ज्यांचे बी गळून गेलेले असते त्या वनस्पती पुढच्या वर्षी जोमाने येतात आणि ज्या नुकत्या फुलावर आलेल्या असतात त्यांचा वंश दर वर्षी थोडा थोडा आटत जातो. रस्त्याकडेला गाजरगवत वाढत चालले आहे आणि विष्णुक्रांता मात्र शोधावी लागते, याचे कारण माझ्या मते पावसात नाही, विळ्याच्या तारखांत आहे. त्या तारखा कडेप्रमाणे आणि फुलाप्रमाणे बदलून पाहणे, हा या प्रकल्पाचा हेतू आहे.

बाग पाऊण एकराची आहे. उत्तरेला पाट, पूर्वेला आप्पांच्या शेताशी सामाईक बांध, दक्षिणेला गाडरस्ता आणि पश्चिमेला मुरमाचा चढ, त्यावर बोराटी आणि निवडुंगाचे जुने कुंपण. पाट फड बागायतीतला आहे. नदीवर बंधारा घालायचा, त्याखालची जमीन फडांमध्ये विभागायची, एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेले एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळायची, ही पद्धत धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेली आहे. आमचा तुकडा फडाच्या शेपटाला, गावठाणाला लागून असल्यामुळे त्याला भाजीपाल्याची मुभा आहे. आप्पांच्या फडात या वर्षी ज्वारी ठरली आहे, ही गोष्ट पूर्वेच्या बांधासाठी महत्त्वाची ठरणार आहे.

3 जुलै

दोन चांगले पाऊस झाले आणि कडा हिरव्या झाल्या. फूल येण्याआधी रोप ओळखता आले नाही तर कापणीचे वेळापत्रक बांधता येणार नाही, म्हणून आज निंदणीला येणाऱ्या मावशींना बरोबर घेऊन चारही कडा फिरलो. मावशींची ओळख भाजीपासून सुरू होते. कोवळा तरोटा (टाकळा), कुरडूचे शेंडे, कुंजर, घोळ आणि केना यांपैकी कशाची भाजी कोरडी करायची, कशात डाळ घालायची आणि कोणती पहिल्या पावसातच गोड लागते, हे त्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच दोन-चार पानांवर आलेले रोपही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कडा फिरून होईपर्यंत त्यांचा ओचा तरोट्याने भरला होता. कोवळेपणी असे खुडल्यामुळे तरोटा मरत नाही, उलट फांद्या फुटून दाट होतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

रस्त्याकडेला गाजरगवताची रोपे जमिनीला चिकटून पसरली आहेत. हे मूळचे अमेरिकेतले तण असून आपल्या देशात ते 1955च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत आले. त्यानंतर ते कुठे पोहोचले नाही असे गाव सापडणार नाही. उपटण्याची वेळ हीच आहे, कारण जमीन ओली असल्यामुळे मूळ सबंध निघते. महिन्याभराने ओढले तर मानेपाशी तुटते आणि खालून पुन्हा फुटते. मावशींच्या मनगटांवर या कामाने दर पावसाळ्यात खाज उठते, म्हणून तालुक्याच्या बाजारातून रबरी हातमोजे आणले. फुलावर आलेले झाड उपटण्यापेक्षा आत्ता, फुलाआधी, उपटण्यात त्रासही कमी आहे. रस्त्याची निम्मी बाजू आज झाली.

20 जुलै

पाटाच्या पाळीवर केना फुलला. निळी फुले सकाळीच पाहावी लागतात, दुपारपर्यंत ती मिटून लिबलिबीत होतात. आज भिंग घेऊन बसलो. वरच्या दोन पाकळ्या रुंद व गडद निळ्या आहेत आणि तिसरी खालची पाकळी फिकी व अरुंद असल्यामुळे ती नाहीच असे प्रथम वाटते. मधोमध चार पाकळ्यांच्या पिवळ्या फुलीसारखे जे दिसते ते खरे पुंकेसर नव्हेत. ते वांझ केसर असून त्यांचा भडक पिवळा रंग माशीला बोलावण्यापुरताच असतो. पराग देणारे केसर खाली वाकलेले आहेत. केन्याच्या फुलात मध नसतो, त्यामुळे येणारी माशी परागासाठीच येते, आणि या फसव्या पिवळ्यावर झटपट उतरून लगेच उडते. फूल ज्या हिरव्या पुडीतून बाहेर येते ती खालच्या बाजूने जुळलेली असल्यामुळे द्रोणासारखी होते. ती दाबली की बोटाला बुळबुळीत पाणी लागते. पानाच्या देठापाशी तांबूस केस आहेत, आणि फूल नसताना केना ओळखण्याची ही सगळ्यांत सोपी खूण आहे.

एक रोप मुळासकट काढून धुतले, तेव्हा मातीत गेलेल्या फिकट फांद्यांवर मिटलेली पांढरट फुले दिसली. ही फुले उमलत नाहीत, मातीतच स्वतःच्या परागावर बी धरतात. म्हणजे वरून विळा फिरवल्याने केन्याचे बी थांबत नाही, आणि उपटून ओल्या पाळीवर टाकलेल्या केन्याच्या प्रत्येक पेराला दोन दिवसांत मुळे फुटतात. निंदणीतला केना आमच्याकडे सर्रास पाटाच्या पाळीवरच फेकला जातो, त्यामुळे आपणच तो वाफ्यातून कडेला आणि कडेवरून पाटाच्या पाण्याबरोबर पुन्हा वाफ्यात पेरत असतो. आजपासून निंदणीतला केना रस्त्याकडच्या तापलेल्या दगडांवर सुकवायचा किंवा आप्पांच्या गाईला द्यायचा असे ठरवले. पाळीवरचा केना मात्र राहू द्यायचा, कारण त्याखालची माती पावसाच्या माऱ्याने निसटत नाही.

11 ऑगस्ट

आज कानबाईचा सण. घरोघरी रोटांची धांदल असल्यामुळे कामाला कोणी नाही. कुंपणावर कळलावी फुलली आहे. पाकळ्यांची खालची बाजू पिवळी आणि टोके लाल आहेत. आठवड्यात सगळे फूल लाल होईल. पानांची टोके बोराटीला वेटोळे घालून धरतात, त्यामुळे वेल सोडवायला गेले की कुंपणच हलते. कंद विषारी आहे. बकऱ्या राखणाऱ्या पोरांना तो दाखवून हात लावू नका असे सांगितले.

25 ऑगस्ट

वेलभाज्यांच्या मांडवापासून कडेपर्यंत कोण ये-जा करते, हे गेले काही दिवस सकाळी आणि संध्याकाळी पाहत आहे. त्यातून कडेच्या कामाला उपयोगी अशी एक गोष्ट हाती आली आहे. गिलक्याची (घोसाळ्याची) फुले पहाटे उमलतात आणि दोडक्याची संध्याकाळी. दुधी भोपळ्याचे पांढरे फूलही दिवस कलल्यावरच उघडते. या तिन्ही वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असल्यामुळे कोणीतरी पराग वाहून नेल्याखेरीज फळ धरत नाही. मादी फुलामागचे इवलेसे गिलके पिवळे पडून गळते. गिलक्यावर सकाळी फुलोरी आणि सातेरी अशा दोन्ही मधमाश्या येतात, शिवाय काळे भुंगे येतात. दोडका व भोपळा यांच्याकडे सांजवेळी पतंग फिरकतात. मांडवावरची फुले थोडा वेळच उघडी असतात, आणि दिवसाच्या उरलेल्या वेळी या सगळ्यांना खायला कडेवरच मिळते. सकाळी उशिरापर्यंत एकदांडीवर फुलपाखरे आणि लहान माश्या असतात. तरोट्याच्या पिवळ्या फुलांवर मोठ्या माश्या घुमतात. कुंपणापाशी पेटारी आहे, तिची पिवळी फुले दुपारनंतर उघडतात आणि तिथे संध्याकाळपर्यंत वर्दळ असते.

पेटारी ठेवावी की काढावी, यावर मात्र दोन मते होऊ शकतात. ती कपाशीच्या कुळातली आहे आणि तिच्यावर पिठ्या ढेकूण ही कपाशीवरची कीड सहज बसते. गाडरस्त्यापलीकडे सबंध शिवार कपाशीचे आहे. आज तिच्या शेंड्यांत या किडीचा पांढरा कापूस दिसतो का ते बोटाने चाचपून पाहिले. नाही. ज्या आठवड्यात दिसेल त्या आठवड्यात पेटारी मुळासकट काढून जाळायची, तोवर राहू द्यायची.

1 सप्टेंबर

उद्या पोळा. गावभर बांधांवर विळे चालू आहेत आणि आमच्या कडा तेवढ्या उभ्या आहेत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांवर येते. आप्पा सकाळी बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “भाऊ, हाई कुरडू मना वावरमा येई, मंग कोन निंदी?” (हा कुरडू माझ्या शेतात येईल, मग कोण निंदणार?) आप्पांचे म्हणणे खरे आहे. कुरडू ज्वारी-बाजरीतले जुने तण आहे आणि त्याचे बी चमकदार काळे, बारीक व भरपूर असते. तुरा वरून गुलाबी दिसतो तोवर बी तयार नाही असे बहुतेक जण धरून चालतात, पण तुरा खालून वर फुलत जातो. टोकाला गुलाबी कळ्या असतानाच खालची फुले रुपेरी, कोरडी झालेली असतात. तसा एक तुरा आप्पांच्या समोर तळहातावर चोळला, भुसा फुंकला आणि काळे दाणे हातात राहिले. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांना ते दाखवण्याची गरजच नव्हती.

सामाईक बांधावर आपल्या एकट्याचे मत चालत नाही. खानदेशात बांध कोरण्यावरून भाऊबंदक्या झाल्या आहेत, त्यात फुलांवरून आणखी एक नको. म्हणून पूर्वेचा बांध आज संध्याकाळीच कापला. तुरे पोत्यात भरून बाजूला नेले, जनावरांपुढे टाकले नाहीत, कारण बी शेणातून परत शेतात जाण्याची शक्यता असते. कुरडू फक्त दक्षिणेला, रस्त्याच्या कडेला, जिथे पलीकडे ज्वारी नाही, तिथे ठेवायचा. पश्चिमेच्या मुरमावरचे गवतही आज कापले, पण जमिनीपासून चार बोटे वर. तिथे विष्णुक्रांता आहे. ती जमिनीलगत पसरते, तिची निळी फुले सकाळच्या उन्हात उघडतात, आणि वर पवन्या-मारवेल माजला की सावलीत ती फुलतच नाही. तिला लवकर कापणी मानवते, फक्त विळा उंच धरावा लागतो. पाटाची पाळ आणि रस्त्याची बाजू सोडून दिली आहे.

6 सप्टेंबर

हरतालिका. पत्रीसाठी गावातल्या मुली सकाळपासून कडांवर आल्या होत्या. आघाडा, दूर्वा, धोतरा, रुई असे जे जे लागते ते नेले. आघाड्याचे तुरे अशा वेळी खुडले जातात हे बरेच आहे. त्याची उलटी टोकदार फळे नंतर धोतरांना आणि लुगड्यांना चिकटून गावभर जातात.

22 सप्टेंबर

आप्पांच्या ज्वारीच्या पहिल्या दोन तासांत (ओळींत), बांधाला लागून, टारफुला फुलला आहे. फूल पांढरे, नखाएवढे आणि देखणे आहे. झाड वीतभर. पाने हिरवी असल्यामुळे ते आपले अन्न आपण तयार करत असेल असे वाटते, पण त्याच्या मुळ्या ज्वारीच्या मुळांना धरून पाणी आणि अन्न शोषतात, आणि टारफुला जमिनीवर दिसू लागतो त्याआधीच ज्वारी पिवळी पडायला लागलेली असते. बी धुळीसारखे बारीक असते, जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि ज्वारीसारख्या पिकाच्या मुळांचा स्राव लागल्याखेरीज उगवत नाही. फुलावर असताना उपटणे हा एकच मार्ग आपल्या हाती आहे. मी आणि आप्पांचा नातू, दोघांनी दोन्ही तास बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उपटले. कडेचे निरीक्षण म्हणून सुरू केलेल्या कामाचा आप्पांना झालेला हा पहिला उपयोग. त्यानंतर बोलणे जरा मोकळे झाले.

आज पाटकरी दादांशीही बोलणे झाले, पण ते वेगळ्या कारणाने. रस्त्याकडेच्या कोपऱ्यात, पाटापासून दूर, माका फुललेला दिसला. माक्याची पांढरी बारीक फुले नेहमी ओल धरलेल्या जागी असतात; आमच्याकडे तो पाटाच्या आतल्या काठाला असतो. रस्त्याकडेला, सरळ तापणाऱ्या मुरमाच्या पायथ्याशी, त्याने यावे असे तिथे काही नाही. त्या पट्ट्याची रेघ धरून उलट वर गेलो. माका, मग लव्हाळा, मग पुन्हा माका, अशी तुटक रांग पाटाच्या पाळीपर्यंत पोहोचते. तिथे हराळीखाली खेकड्याचे बीळ निघाले. पाट भरून चालतो तेव्हा त्यातून पाणी खाली झिरपत असणार. दादांनी बिळात काठी घातली, ती हातभर आत गेली. त्यांचे पहिले वाक्य अपेक्षित होते : पाळीवर गवत ठेवले म्हणूनच बीळ दिसले नाही. ते खोटेही नाही. बीळ चिकणमाती आणि दगडांनी ठेचून बंद केले.

13 ऑक्टोबर

ऑक्टोबरचे ऊन. माका वाळला, म्हणजे गळती थांबली असावी. लव्हाळा अजून हिरवा आहे, पण लव्हाळा गाठींवर जगतो, त्याच्यावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही.

रस्त्याकडेला तरोटा शेंगांवर आला आहे आणि तो दाट आहे तिथे गाजरगवत फारच कमी उगवले, हे यंदाच्या नोंदींतले सर्वांत समाधानकारक निरीक्षण आहे. तरोटा गाजरगवताला जागा देत नाही हे कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत असते. आमच्या कडेवर ते घडताना दिसले ते जुलैत अर्धी बाजू उपटून झाल्यामुळे. जी अर्धी बाजू त्या दिवशी राहून गेली तिथे गाजरगवत कमरेएवढे आहे. त्याच्या पानांवर रेघोट्यांचे मेक्सिकन भुंगेरे दिसले, पाने जाळीदार झाली आहेत. हा भुंगेरा 1980च्या दशकात याच कामासाठी देशात आणला गेला. तो पावसाळ्यात खातो आणि नंतर मातीत दडून बसतो, त्यामुळे आता उरलेले काम आपल्यालाच करावे लागेल. फुलावर आलेली झाडे कापून पोत्यात भरली.

तरोट्याच्या बाबतीत दिवाळीची साफसफाई पुढे ढकलणे आवश्यक आहे. शेंगा तपकिरी होऊन तडकेपर्यंत थांबायचे, मग कापून त्याच जागी आडवे पाडायचे, म्हणजे बी पुढच्या जूनसाठी तिथेच राहील. रस्त्याने जाणाऱ्यांना ही कडा महिनाभर ओंगळ दिसेल. दिसू द्यावी.

24 नोव्हेंबर

कडांवर आता थोडेच आहे. तरोटा पाडला. मुरमाच्या टोकाला दीपमाळ उभी असून तिच्या काटेरी गेंदांतून केशरी फुले निघत आहेत. शिंजीर पक्षी दिवसभर तिथेच आहेत. कुंपणात कोरांटीची पिवळी फुले. आतल्या वाफ्यात वांगी जोरात आहेत आणि पाहुण्यांचे लक्ष भरिताकडे आहे.

5 जानेवारी 2025

थंडीत पश्चिमेची कडा सगळ्यांत पाहण्यासारखी झाली आहे. उंटकटारीचे निळसर पांढरे गोल चेंडू आहेत. त्यांवरची फुले वरच्या ध्रुवापासून उमलायला सुरुवात होते आणि उमलण्याची पट्टी रोज खाली सरकते, त्यामुळे चेंडूचा वरचा भाग कोमेजलेला, मधला उमललेला आणि खालचा अजून काटेरी असा एकाच वेळी दिसतो. तिथे सातेरी माश्या भर दुपारीही असतात. या दिवसांत शिवारात मधाची दुसरी सोय फारशी नसते. उंटकटारीचा उपद्रव असा काही नाही, फक्त चप्पल जाड हवी.

तिच्या पायथ्याशी रिंगणी पसरली आहे. जांभळ्या फुलाच्या मधोमध पिवळे केसर उभे जुळलेले असतात आणि त्यांच्या टोकांना बारीक छिद्रे असतात. पराग त्यातून मिठाच्या डबीसारखा हलवूनच बाहेर काढावा लागतो. आज ते होताना पाहिले आणि ऐकलेही. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी फुलाला मिठी मारून बसली, पंख न उडवता तिने अंग थरथरवले, चढा, बारीक आवाज आला आणि तिच्या पोटाखाली पिवळी भुकटी पडली. सातेरी माशीला हे जमत नाही. वांग्याचे फूल त्याच कुळातले आणि त्याच घडणीचे आहे. वांगे स्वतःच्या परागावरही धरते, पण अशी थरथरणारी माशी किंवा काळा भुंगा येऊन गेला की फळ अधिक चांगले धरते. रिंगणी थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फुलत राहते, म्हणून वांग्याच्या वाफ्यात फुले नसतानाही ही माशी कडेला टिकते.

याची दुसरी बाजूही इथेच लिहून ठेवतो. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी याच कुळातल्या रानझाडांवरही राहू शकते. त्यामुळे रिंगणी फक्त पश्चिमेच्या कडेला ठेवायची, वांगी नेहमी पूर्वेच्या वाफ्यांत घ्यायची आणि पोखरलेले शेंडे आठवड्याला खुडून पुरायचे. मांडवाजवळ उगवलेली दोन रोपे आज काढली.

9 फेब्रुवारी

रस्त्याच्या कडेला, जिथे ऑक्टोबरात गाजरगवत कापून जमीन उघडी पडली होती, नेमका तिथेच पिवळा धोतरा आला आहे. उघडी जागा फार काळ मोकळी राहत नाही. फूल मोठे, पातळ पाकळ्यांचे, लख्ख पिवळे आहे. पान तोडले की पिवळा चीक येतो. या फुलावर माशा येतात, कडा सजते, आणि तरीही ते इथे ठेवता येणार नाही. कारण आत, दहा पावलांवर, मोहरीची ओळ आहे. धोतऱ्याचे बी आकाराने व रंगाने मोहरीसारखे असते; नीट पाहिले तर मोहरी गुळगुळीत आणि धोतऱ्याचा दाणा जाळीदार, खडबडीत लागतो, पण खळ्यावर एवढे कोण पाहतो. धोतऱ्याचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने पायांना सूज येते आणि हृदय निकामी होऊ शकते. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीने साठाहून अधिक माणसे दगावली होती. आमची मोहरी घाण्यावर तेलासाठी जाते. बोंडे अजून हिरवी असतानाच सर्व झाडे मुळासकट काढली. पिकलेले बोंड टोकाकडून उघडते आणि मग बी सांडायला धक्काही पुरतो.

ती जागा पुन्हा मोकळी राहू नये म्हणून तरोट्याचे वाळलेले झाड आणून तिथे झोडपले.

16 मार्च

कडांवर रुई आणि रिंगणी सोडून काही नाही. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. कापण्यासारखे काही नाही, म्हणून काम नाही.

20 एप्रिल

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पाट साफ करायचा असे यंदा फडाच्या बैठकीत ठरले. पाटाची साफसफाई सर्व लाभधारकांनी मिळून करायची असते आणि ज्याच्या शेतालगतचा पाट त्याने त्या तुकड्याची पाळ करायची. दर वर्षी दोन्ही पाळी फावड्याने तासून लाल-काळ्या करतात. माझे म्हणणे बैठकीत मांडले : तासलेल्या पाळीची माती पहिल्याच वळिवात पाटात उतरते, आणि तीच पुन्हा उपसावी लागते, हराळी व केना यांच्या मुळांनी धरलेली पाळ उतरत नाही. दादांचे म्हणणे त्यांनीही मांडले : गवताखाली खेकडा आणि उंदीर बिळे करतात, पाळ फुटली तर शेपटाच्या शेतांना पाणी जात नाही, आणि मग शिव्या पाटकऱ्याला बसतात. शेपटाला आमचीच बाग आहे, त्यामुळे मला यावर फार बोलता आले नाही.

आप्पांनी मधेच माक्याची गोष्ट काढली. बीळ पाळीवर उभे राहून कोणाला दिसले नव्हते, ते पाळीच्या बाहेर, रस्त्याकडेला फुललेल्या पांढऱ्या फुलांवरून सापडले, हे त्यांनी अहिराणीत, त्यांच्या पद्धतीने, जरा मीठमसाला लावून सांगितले. दादा हसले. त्यावरून जे ठरले ते असे. आमच्या तुकड्यापुरती पाटाची आतली बाजू नेहमीप्रमाणे फावड्याने साफ करायची, कारण तिथे गाळ आणि लव्हाळा पाणी अडवतात. पाळीचा माथा आणि बाहेरचा उतार फावड्याने तासायचा नाही, तिथे विळ्याने चार बोटे ठेवून कापायचे. एवढ्या उंचीवर बिळाचे तोंड लपत नाही आणि मुळेही राहतात. पावसाळ्यात पाट भरून चालू असेल तेव्हा पंधरवड्यातून एकदा बाहेरच्या उतारावर माका कुठे आला ते मी पाहायचे आणि दादांना दाखवायचे. पाळ फुटली तर पुढच्या वर्षी सगळे तासायचे, ही त्यांची अट मान्य केली.

आज आतली बाजू झाली. उपसलेला गाळ पूर्वेच्या वाफ्यांत पसरायचा आहे. त्यात केन्याची पेरे आहेत, म्हणून तो आधी उन्हात वाळत ठेवला आहे. पुढच्या हंगामासाठी तारखा अशा धरल्या आहेत : गाजरगवत जुलैच्या पहिल्या आठवड्यात, या वेळी सबंध बाजू; पश्चिमेचे गवत ऑगस्टअखेर, विळा उंच धरून; पूर्वेचा बांध आप्पांना विचारून, कुरडू खालून रुपेरी होण्याआधी; तरोटा शेंगा तडकल्यावर; पिवळा धोतरा जानेवारीतच.